भोंगवलीच्या नाकांचा तपास

“सिस्टरला उद्यापासून डोसिंगला बसवू नका,” लसीच्या कंपनीचे सरदेसाई फोनवर म्हणाले, तेव्हा माझ्या खुर्चीत पाच वर्षांची एक मुलगी आ करून बसली होती आणि तिच्या खालच्या चारही दाढा किडलेल्या होत्या.

“का?” मी विचारलं. फोन कान आणि खांदा यांच्यामध्ये, हातात आरसा.

“भोंगवलीच्या लाळेचा रिझल्ट आला. किकवीचे सगळे वर, भोंगवलीचे सगळे खाली. डोस नीट दिला गेलेला नाही, असं आमच्या टीमचं मत आहे.”

“टीमनं डोस देताना पाहिलंय का?”

“मॅडम, डेटा बोलतोय.”

डेटा बोलतो हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. डेटा मुकाच असतो, त्याच्या नावावर माणसं बोलून घेतात. पण मुलीची आई माझ्याकडे बघत होती. नंतर बोलते म्हणून फोन ठेवला आणि त्या आईला तेच सांगितलं जे मी गेली कित्येक वर्षं सांगत आलेय. रात्री गोड खाऊन तसंच झोपवू नका, बिस्किटाचा पुडा हातात देऊ नका, ब्रश तुम्ही स्वतः करून द्या. तिनं मान हलवली. सगळ्याच हलवतात.

मी भोरमध्ये दातांचा दवाखाना चालवते. वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाड्यांपासून हायवेकडच्या गावांपर्यंतचे लोक माझ्याकडे येतात आणि बहुतेक सगळे उशिरा येतात. दुधाचे दात पडायचेच आहेत, मग कशाला खर्च, असा हिशोब असतो. तोवर मूल रात्ररात्र रडलेलं असतं. याचा मला खरंच कंटाळा आलाय. म्हणूनच पुण्यातल्या एका कंपनीनं दात किडण्यावरच्या लसीचा अभ्यास माझ्या दवाखान्यात करायचं विचारलं, तेव्हा मी फार विचार न करता हो म्हटलं.

ही लस काय आहे ते सांगते. दाताला कीड लागते म्हणतात, पण त्यात किडा वगैरे काही नसतो. एक जिवाणू असतो. तो दाताला चिकटून बसतो, आपण खाल्लेली साखर खातो आणि आम्ल सोडतो. त्या आम्लानं दात पोखरला जातो. त्याला दाताला चिकटूच दिलं नाही तर पुढचं सगळं टळतं. हे काम आपल्या लाळेतली अँटिबॉडी करू शकते. अँटिबॉडी म्हणजे शरीरानंच तयार केलेला पहारेकरी.

आता लाळेत पहारेकरी आणायचे तर दंडावर इंजेक्शन देऊन फारसं भागत नाही. ते रक्तात पहारा वाढवतं. नाकाच्या आतल्या ओल्या अस्तराला मात्र लस दिली, की लाळेत पहारा वाढतो. म्हणून ही लस नाकात फवारायची. अडचण एवढीच, की नाक स्वतःला सतत धूत असतं. नुसती लस फवारली तर थोड्या वेळात घशात उतरून पोटात जाते. त्यासाठी लस अतिशय बारीक कणांमध्ये भरतात. मायक्रोपार्टिकल म्हणतात त्यांना, मैद्याहूनही कितीतरी बारीक. त्यांच्यावर एक चिकट लेप असतो. कण अस्तराला धरून बसतात आणि लस हळूहळू सोडतात. कंपनीची सगळी हुशारी त्या लेपात होती.

लस शेवटी लहान मुलांसाठीच. पण आधी धडधाकट मोठ्या माणसांना देऊन बघायची, त्रास होतो का आणि लाळेत काही उगवतं का. आमच्याकडे दोन गट होते, एक किकवीचा आणि एक भोंगवलीचा. सगळ्यांना खरीच लस, काही आठवड्यांच्या अंतरानं तीन डोस. प्रत्येक डोसनंतर लाळ गोळा करून पुण्याला पाठवायची. लाळ गोळा करायची म्हणजे माणसानं प्लास्टिकच्या नळीत थुंकायचं. डॉक्टरीणबाईंसमोर थुंकायचं कसं, म्हणून पहिल्या दिवशी भोंगवलीची माणसं नळी घेऊन दवाखान्याच्या मागे जाऊन उभी राहिली होती.

डोस द्यायचं काम शुभांगीचं. शुभांगी आंबवड्याची, शिकलेली नर्स. आजवर या दवाखान्यात चार महिने, त्या दवाखान्यात सहा महिने, असं करत आलेली. कंपनीचं नेमणूकपत्र मिळालं तेव्हा तिनं मला पेढा दिला होता. असल्या अभ्यासात नर्सच्या नावावर एकदा ‘डोस चुकीचा दिला’ असा शेरा बसला, की दुसरी कुठली कंपनी तिला दारात उभं करत नाही. सरदेसाई कंपनीत या अभ्यासाचे प्रमुख. त्यांना हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

संध्याकाळी मी त्यांना परत फोन लावला.

“पहिल्या डोसनंतर दोन्ही गावं थोडी वर गेली होती. तेव्हाही शुभांगीच होती,” मी म्हटलं.

“दुसऱ्या डोसला भोंगवलीवाले किकवीच्या नंतर आले. ती थकली असेल. स्प्रेचा कोन चुकला की लस सरळ घशात जाते.”

“सगळ्यांच्या बाबतीत चुकला?”

“मॅडम, फ्रिज बघितला, टेंपरेचर बरोबर. स्प्रे तपासला, बरोबर. सॅम्पलची अदलाबदल नाही. मग राहतं कोण? ऑपरेटर.”

सगळं तपासून झालं की शेवटी माणूस उरतो, आणि तोही सगळ्यात कमी पगाराचा. ही पद्धत मी सरकारी दवाखान्यातही पाहिली होती, इथं फक्त इंग्रजीतून पाहिली.

“शेरा लिहिलात का?” मी विचारलं.

“ड्राफ्ट तयार आहे. तिसऱ्या डोसला मी पुण्याहून दुसरी नर्स पाठवतो. फरक दिसला की फायनल.”

शुभांगीला मीच सांगितलं. ती रडली वगैरे नाही. तिनं रिकामा स्प्रे उचलला, स्वतःच्या नाकाशी धरला आणि मला विचारलं, “मॅडम, असाच धरते ना मी? बघा ना.” मी म्हटलं, असाच. ती म्हणाली, “मग भोंगवलीला काय झालं?” ते मला माहीत नव्हतं. आणि माहीत नसताना धीर द्यायचा मला कंटाळा आहे, म्हणून मी तिच्या हातातला स्प्रे घेऊन ट्रेमध्ये ठेवला.

भोंगवलीच्या लोकांना फोन करून गोळा करणं, त्यांच्यासाठी जीप पाठवणं, हे सगळं शुभांगी भोरमधूनच बघायची. आता ती नसल्यामुळे तिसऱ्या डोसच्या दिवशी मीच निघाले. पुण्याची नर्स भोरला दवाखान्यात बसून राहिली. हायवे सोडून आत वळले आणि भोंगवलीत आक्कांच्या दारात गाडी लावली.

आक्का म्हणजे पन्नाशी ओलांडलेली, काटक, बोलण्यात कोणाला न ऐकणारी बाई. गावातून अभ्यासासाठी माणसं तयार झाली ती तिच्या शब्दावर. ‘आपली पोरं दात धरून रडत्यात, मंग आपन नाक पुढं केलं तर काय बिघडलं,’ असं तिनं बैठकीत सांगितलं होतं आणि पहिलं नाव स्वतःचं दिलं होतं. डोसच्या दिवशी सगळे तिच्याच घरी जमत.

मी ओसरीवर पाऊल टाकलं आणि तिथंच थबकले. चटयांवर बायाबाप्ये ओळीनं उताणे पडले होते. माना मागे, नाकं आढ्याकडे. आक्का हातात वाटी आणि कापसाची वात घेऊन एकेकाच्या डोक्याशी बसत होती आणि वात पिळून नाकपुडीत थेंब सोडत होती.

“आक्का, हे काय चाललंय?”

“या की म्याडम. तुमच्या लशीचीच तयारी.”

“वाटीत काय आहे?”

“तूप. गाईचं, घरचं. कोमट केलंया.”

मी खांबाला टेकून खाली बसले. तिला वाटलं मला चक्कर आली, म्हणून तिनं सुनेला पाणी आणायला सांगितलं.

“कधीपासून घालताय हे?”

“मागच्या बारीपासून. पयल्या बारीला लई झोंबलं वो. नाकात मिरची कोंबल्यावानी. ही समदी मान्सं म्हनायला लागली, आमी न्हाई येत पुन्यांदा. मंग म्या म्हनलं, तूप सोडून बघू. सोडलं, आन काय बी झोंबलं न्हाई. म्हनून तर समदी आली.”

तेव्हा मला आठवलं. दुसऱ्या डोसनंतर भोंगवलीतून झोंबल्याची एकही तक्रार नव्हती. सरदेसाईंनी त्यावर खास मेल पाठवला होता, की किकवीत अजून झोंबत असलं तरी भोंगवलीत सवयीनं थांबलंय, लस लोकांना मानवते आहे, फार उत्साहवर्धक आहे. मीही वाचून खूष झाले होते.

“पण आक्का, सिस्टर प्रत्येक वेळी विचारते ना, काही औषध घेतलंय का म्हणून?”

“इचारती की. औषद कुनीच घेतलं न्हवतं.” आक्का जरा दुखावल्यासारखी झाली. “तूप काय औषद हाय व्हय? तुमी सांगितलं उपाशी या, उपाशी आलो. तंबाखू खाऊ नगा म्हनला, न्हाई खाल्ली. नाकाचं कुनी काय बोललंच न्हाई.”

खरं होतं. आमच्या प्रश्नांमध्ये बीपीच्या गोळ्या होत्या, दम्याचा पंप होता, नाकात मारायचे मेडिकलमधले स्प्रे होते. तुपाचा विचार कोणीच केला नव्हता. प्रश्न लिहिणाऱ्यांच्या घरीही कधीतरी कोणाच्या तरी नाकात तूप सोडलं गेलं असेल, पण ऑफिसात बसल्यावर ते कोणाला आठवतं?

आता सगळं सरळ दिसत होतं. कोमट तूप अंगाच्या उबेनं आत पसरतं, वरून दिसत नाही. भोरला पोचेपर्यंत नाक अगदी स्वच्छ. शुभांगीनं कितीही वाकून पाहिलं असतं तरी तिला कळलं नसतं. आणि आत अस्तरावर स्निग्ध थर. तेलकट कपाळावर टिकली जशी चिकटत नाही, तसे ते कण चिकटले नसणार. घसरून पोटात गेले असणार. झोंबलं नाही कारण लस नाकाला लागलीच नव्हती.

मी त्या दिवसाचा डोस रद्द केला. आक्काला समजावून सांगितलं. तिनं वाटी जमिनीवर ठेवून दिली.

“म्हंजे म्या समद्यांची लस वाया घालवली?”

“तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.”

“आन ती शुबांगी का न्हाई आली आज?”

मी तेही सांगितलं. चटईवरची माणसं एव्हाना उठून बसली होती.

भोंगवलीत माझ्या मोबाईलला रेंज गोठ्याशेजारी एका जागी येते. तिथं उभी राहून मी सरदेसाईंना फोन केला. ओसरीवर पाहिलेलं सगळं सांगितलं.

“तूप?”

“तूप.”

“मॅडम, हे मी बोर्डाला कसं सांगू?”

“मराठीत सांगा.”

ते हसले नाहीत. “हे अनुमान झालं. प्रूफ काय? आणि तसं असेल तर सिस्टरच्या लक्षात यायला हवं होतं.”

“तुम्ही लिहून पाठवलेल्या प्रश्नांत तूप कुठं आहे ते दाखवा, मग तिच्या लक्षात का आलं नाही ते बोलू.” माझा आवाज चढला होता. गोठ्यातली म्हैस वळून बघायला लागली. “प्रूफ पाहिजे ना? डोसच्या तारखेत चार-पाच दिवस इकडेतिकडे चालतात. तेवढ्यात तूप बंद. तिसरा डोस कोऱ्या नाकात द्या. लाळ वर गेली तर दोष तुपाचा.”

“ठीक आहे. पण नर्स पुण्याची.”

“मग वर गेल्यावर तुम्ही म्हणाल नर्स बदलली म्हणून गेली.”

आक्का माझ्या मागे येऊन उभी होती. तिनं सरळ हात पुढे केला आणि फोन मागितला. मी दिला.

“सायेब, म्या बोलती, भोंगवलीची. डोस घेईन तर त्या पोरीच्या हातानं घेईन. तिचा हात हलका हाय. दुसरं कुनी बसिवलं तर आमी कुनीच येत न्हाई.” आणि फोन परत माझ्या हातात.

“हे असं निवडता येत नाही त्यांना!” सरदेसाई म्हणाले.

“सर, ती माणसं स्वतःच्या इच्छेनं आलीत. कधीही न येण्याचा त्यांना हक्क आहे. तुमच्याच संमतीपत्रात पहिल्या पानावर आहे.”

शेवटी ठरलं. शुभांगी डोस देईल, पण पुण्याहून आलेला मॉनिटर, म्हणजे कंपनीचा तपासनीस, शेजारी उभा राहून प्रत्येक डोस बघेल. रद्द झालेल्या दिवसाची आणि तुपाची हकीकत मी एथिक्स कमिटीला कळवली. अशा अभ्यासात माणसांच्या हिताकडे लक्ष ठेवणारी ती समिती. त्यांनी हरकत घेतली नाही.

चार दिवसांनी जीप भोरला आली. आक्का सगळ्यात आधी आत शिरली. “म्याच घातलं तूप, म्याच पयली,” म्हणत खुर्चीत बसली. शुभांगीनं स्प्रे दोनदा तपासून घेतला. मॉनिटर इतक्या जवळ उभा होता, की त्याची सावली आक्काच्या तोंडावर पडत होती. मी त्याला एक पाऊल मागे सरकायला सांगितलं.

“आक्का, जोरात ओढू नका हं आत. साधा श्वास घ्या,” शुभांगी म्हणाली.

फवारा गेला. आक्काचे डोळे लाल झाले, पाणी वाहायला लागलं. तिनं खुर्चीचे हात गच्च धरले आणि म्हणाली, “झोंबू दे. दुसरी बाजू कर.”

त्यानंतर एकेक आला. कोणी ओरडलं, कोणी शिव्या दिल्या आणि मग मला बघून जीभ चावली. एक धिप्पाड पैलवान गडी तर दवाखान्याबाहेर नळाखाली डोकं धरून उभा राहिला. मॉनिटर प्रत्येक तक्रार टॅबवर लिहून घेत होता. मी त्याच्याकडे बघत होते, पण तो काय लिहून घेतोय त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नाही. माझं सगळं लक्ष शुभांगीच्या मनगटाकडे होतं. कोन प्रत्येक वेळी बरोबर होता.

लाळ पुण्याला गेली. त्या आठवड्यांत माझा रक्तदाब वाढला. दवाखान्यात एका पेशंटला दुसऱ्याच पेशंटच्या नावानं हाक मारली. मग सरदेसाईंचा फोन आला.

“मॅडम, अभिनंदन. भोंगवली वर गेली, चांगली वर. ऑपरेटर एररचा ड्राफ्ट काढून टाकलाय. सिस्टरला लेखी देतो, तिची काही चूक नव्हती म्हणून.”

मला इतकं हायसं वाटलं की मी डोळे मिटले. “मग पुढचा गट कधी?”

“तेच सांगायचं होतं. तूप नसताना किती जणांना झोंबलं, बघितलंत ना? किकवीचंही थांबलेलं नाही, सवयीनं जाईल हा आमचा अंदाज तुपामुळेच होता. मोठी माणसं पळून जातायत, मुलांना कशी द्यायची? तो चिकट लेपच झोंबतोय. बदलावा लागेल. लस परत लॅबमध्ये जातेय, स्टडी इथंच थांबवतोय.”

“किती दिवसांसाठी?”

“दिवस नाही, मॅडम. वर्षं म्हणा.”

“आणि शुभांगी?”

“तिचं काँट्रॅक्ट स्टडीपुरतंच होतं.”

भांडण्यासारखं काही नव्हतं. झोंबणारी लस मुलांच्या नाकात घालू नये, हे मीही म्हटलं असतं. ज्या डोसनं शुभांगी निर्दोष ठरली, त्याच डोसनं अभ्यास बंद पडला. आणि तो डोस कोऱ्या नाकात द्या म्हणून हट्ट धरणारी मी.

पत्र आलं तेव्हा शुभांगीनं ते दोनदा वाचलं. “म्हणजे माझ्या हातून काही झालं नव्हतं, हे पक्कं झालं ना, मॅडम?”

“पक्कं.”

“मग ठीक.” तिनं ते प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सर्टिफिकेटांच्या वर ठेवलं आणि टेबलावरचं सामान आवरायला लागली. मला फार वाईट वाटलं. माझ्याकडे राहा म्हणावं एवढा माझा दवाखाना चालत नाही, आणि उगाच म्हणून ठेवण्यात अर्थ नव्हता. आता ती हायवेवरच्या एका हॉस्पिटलात रात्रपाळी करते. पुन्हा सहा-सहा महिन्यांची नेमणूक.

तेव्हापासून मी पेशंटला ‘औषध काय घेतलं’ असं विचारत नाही. ‘घरी काय काय केलंत’ असं विचारते. उत्तरं लांबतात. लवंग, तुरटी, रुईचा चीक, काय काय निघतं. दुपारचं जेवण चार वाजता होतं.

परवा आक्का आली होती, दाढ हलते म्हणून. बसल्या बसल्या इकडेतिकडे बघून म्हणाली, “शुबांगी कुठं दिसंना?”

मी सांगितलं.

“पर तिची चूक न्हवती ना?”

“नव्हती. तसं लिहून दिलंय.”

“मंग आपन शोदलं कशापायी येवढं? चूक असती तरी गेलीच असती की ती.”

“तिच्या नावावर शेरा राहिला नाही, आक्का.”

आक्कानं त्याचा विचार केला. “व्हय, त्ये बी खरंच,” ती म्हणाली, पण तिला ते फारसं पटलेलं दिसलं नाही. मलाही रोज पटतंच असं नाही. चूक कोणाची नव्हती हे खटपट करून सिद्ध करता येतं. पण जिची नव्हती तिला तिची जागा परत मिळेलच, असं कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं.

मी दिवा ओढला आणि म्हटलं, “आ करा.”